न उघडणारी छायाचित्रे टाकून देऊ नका

आपल्या समाजातील बहुतेक घरांत जुन्या छायाचित्रांची एक पेटी असते, निदान एके काळी होती. कोकणातील गावचे घर, मुंबईच्या चाळीतील गॅलरीत उभे असलेले आजोबा, नऊवारीतील आजी, मेंदीच्या रात्रीची नवरी, आणि इस्राएलला निघण्यापूर्वी सर्व कुटुंबाने एकत्र बसून काढविलेला फोटो, असा तो ठेवा असतो. पावसाळी ओलीने त्यांपैकी पुष्कळ फोटो एकमेकांस चिकटले, काहींवर बुरशी चढली, काही स्थलांतराच्या गडबडीत गहाळ झाले. जे उरले ते मुलानातवंडांनी स्कॅन करून संगणकात साठविले, ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय.

परंतु आता एक नवीच अडचण घरोघरी ऐकू येते. ठाण्याच्या मावशीने पाठविलेली सीडी अश्दोदच्या भाच्याच्या संगणकावर लागते, त्यातील नावांची यादी दिसते, पण चित्र काही उघडत नाही. लोदच्या नातवाने फोनवर काढलेला फोटो आजोबांच्या संगणकात येतो आणि तेथे केवळ एक कोरा चौकोन दिसतो. मग कोणी तरी म्हणतो, “फाईल खराब झाली आहे, काढून टाका.” आणि ती काढून टाकली जाते. मूळ कागदी फोटो जर पूर्वीच नष्ट झालेला असेल, तर त्या क्षणी त्या माणसाचे या जगातील अखेरचे चित्रही नाहीसे होते.

या बाबतीत आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. न उघडणारे चित्र पुष्कळदा शाबूत असते. ते वाचण्याची रीत मात्र समोरच्या यंत्रास ठाऊक नसते. म्हणून आधी मूळ वस्तू सुरक्षित ठेवावी, मग तिची प्रत काढावी, मग प्रतीवर हवे ते प्रयोग करावेत. पुसून टाकण्याची घाई कधीच करू नये.

पहिला धोका

सर्वांत मोठे नुकसान एका साध्या प्रश्नाला ‘होय’ म्हटल्याने होते. अॅपलच्या मॅक संगणकावर तयार केलेली डिस्क विंडोजच्या संगणकास जोडली, तर विंडोजला तिची मांडणी कळत नाही, आणि ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाची काय?’ असे ते विचारते. येथे ‘फॉरमॅट’ म्हणजे डिस्क नव्याने आखून पूर्वीची सर्व अनुक्रमणिका पुसणे. या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘नाही’ असे द्यावे, डिस्क काढून घ्यावी आणि ज्या जातीच्या संगणकावर ती तयार झाली त्याच जातीच्या संगणकावर ती उघडावी. दोन्ही प्रकारच्या यंत्रांत ने-आण करावयाची असेल, तर रिकामी पेनड्राईव्ह प्रथम ‘एक्सफॅट’ या पद्धतीने आखून घ्यावी. ती मॅक आणि विंडोज दोघांनाही वाचता-लिहिता येते.

डबा आणि चिठ्ठी

आपल्या स्वयंपाकघरात मसाल्याचे डबे असतात व प्रत्येकावर चिठ्ठी असते. हळदीच्या डब्यावर ‘मिरची’ अशी चिठ्ठी लावली म्हणून हळद तिखट होत नाही. संगणकातील चित्राच्या नावाअखेर टिंब देऊन जी तीन-चार अक्षरे येतात, जसे जेपीजी, टीआयएफ, बीएमपी किंवा एचईआयसी, ती केवळ चिठ्ठी आहे. चिठ्ठी बदलून आतला माल बदलत नाही. एचईआयसी ऐवजी जेपीजी असे नाव दिले की चित्र जेपीईजी झाले, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. वास्तविक रूपांतर करावयाचे तर चित्र एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून नव्या प्रकारात पुन्हा साठवावे लागते.

ही चिठ्ठी आली कोठून? जुन्या डॉस पद्धतीत फाईलच्या नावास आठ अक्षरे व टिंबानंतर तीन अक्षरे एवढीच जागा होती. १९९५ साली विंडोज ९५ निघेपर्यंत सर्वसामान्य विंडोज संगणकांवर हीच मर्यादा होती. उलट १९८४ साली निघालेल्या मॅकिन्टॉशने नावाअखेरची अक्षरे मुळीच मानली नाहीत. प्रत्येक फाईलबरोबर तिचा प्रकार सांगणारी चार अक्षरे तो वेगळ्या जागी ठेवी, आणि फाईलचे काही भाग एका जोड-कप्प्यात साठवी. अशी फाईल डॉसच्या फ्लॉपीवर उतरविली की ती चार अक्षरे मागे राहात, आणि नावापुढे चिठ्ठी नसलेला अनोळखी डबा तेवढा पलीकडे पोहोचे. त्या काळच्या सीडीवर नावाअखेर काहीच नसलेल्या फाईली सापडल्या, तर त्या बहुधा या कुळातील समजाव्यात.

या जुन्या प्रथेचा एक अवशेष आजही दिसतो. मॅकवरून पेनड्राईव्हवर चित्रे घेतली असता विंडोजमध्ये प्रत्येक चित्राची जणू दोन नावे दिसतात: एक नेहमीचे, आणि दुसरे आरंभी टिंब व अधोरेषा असलेले, आकाराने अगदी लहान. हे दुसरे उघडत नाही व माणूस घाबरतो. त्यात चित्र नसतेच. मॅकने स्वतःसाठी ठेवलेली ती टिपणे असतात. चित्र त्याच्या शेजारच्या मोठ्या फाईलमध्ये असते.

पंचेचाळीस आणि अर्बाइम वेखामेश

आपल्या वाचकांना यंत्रायंत्रांतील मतभेद इतरांपेक्षा लवकर समजेल, असे आम्हांस वाटते. मराठीत आपण ‘पंचेचाळीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी व चाळीस मागून. हिब्रूत तोच आकडा ‘अर्बाइम वेखामेश’, म्हणजे चाळीस आधी व पाच मागून. कागदावर आकडा दोघांचा सारखाच. परंतु ऐकून लिहिणाऱ्या मुलाला कोणत्या भाषेचा नियम लागू आहे हे सांगितले नाही, तर ४५ चे ५४ व्हायला वेळ लागत नाही. वर्गात हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

संगणकाचेही तसेच आहे. मोठी संख्या साठविताना इंटेल कंपनीचे प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतात, तर मोटोरोला कंपनीचे जुन्या मॅकिन्टॉशमधील प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवीत. या भांडणास आज जी नावे रूढ आहेत ती हैफा येथे जन्मलेले व तेथील टेक्नियॉनमध्ये शिकलेले संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० रोजी लिहिलेल्या एका मिस्किल निबंधामुळे. अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून गलिव्हरच्या प्रवासवर्णनात युद्ध होते. त्यावरून त्यांनी या दोन पक्षांना ‘बिग एंडियन’ व ‘लिटल एंडियन’ म्हटले. कोणतीही रीत चालेल, पण सर्वांनी एकच पाळावी, असा त्यांचा आग्रह होता.

१९८६ साली आल्डस कंपनीने काढलेल्या टिफ या चित्रप्रकाराने या भांडणातून शहाणपणाचा मार्ग काढला. टिफ फाईलची पहिली दोन अक्षरे ‘आय आय’ असली तर पुढील सर्व संख्या इंटेलच्या रीतीने वाचावयाच्या; ‘एम एम’ असली तर मोटोरोलाच्या रीतीने. लगेच पुढे ४२ ही संख्या ठेवलेली असते. रीत बरोबर लावली तर ४२ वाचले जातात. उलटी लावली तर तेच १०,७५२ होतात, आणि वाचणाऱ्यास चूक तत्काळ कळते. म्हणजे पत्राच्या माथ्यावरच पत्र कोणत्या भाषेत आहे ते लिहिलेले आहे. अशा व्यवस्थेमुळेच जुन्या टिफ फाईली आजही निर्वेध उघडतात.

खरा प्रकार कसा ओळखावा

चिठ्ठी खोटी असली तरी माल आपली ओळख देतो. न उघडणाऱ्या चित्राची एक प्रत करावी व ती प्रत नोटपॅडसारख्या साध्या लेखन-प्रोग्राममध्ये उघडावी. पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसेल. तिच्या आरंभीची इंग्रजी अक्षरे तेवढी पाहावीत व काहीही न साठविता प्रोग्राम बंद करावा. आरंभी ‘जीआयएफ८७ए’ वा ‘जीआयएफ८९ए’ असेल तर ते जिफ होय. पहिल्या विचित्र चिन्हानंतर ‘पीएनजी’ असेल तर ते पीएनजी. काही चिन्हांनंतर ‘जेएफआयएफ’ किंवा ‘एक्झिफ’ असेल तर जेपीईजी. ‘बीएम’ असेल तर विंडोजचे बिटमॅप, आणि ‘एफटीवायपी’ व त्यास लागून ‘एचईआयसी’ असेल तर अॅपलच्या फोनचे चित्र. विंडोजवरील इर्फानव्ह्यू नावाचा प्रोग्राम, जो घरगुती वापरास विनामूल्य आहे, ही तपासणी स्वतःच करतो आणि नाव चुकीचे असल्यास दुरुस्त करू काय असे विचारतो.

क्वचित मात्र फाईल खरोखर बिघडलेली असते. पूर्वी चित्रे दूरच्या संगणकाकडे पाठविताना ती मजकूर समजून पाठविली जात. डॉसमध्ये ओळ संपल्याची खूण दोन चिन्हांची, युनिक्समध्ये एकाची. पाठविणारा प्रोग्राम ‘मदत’ म्हणून एकाची दोन करी आणि चित्राचा चुराडा होई. १९९६ साली पीएनजी प्रमाणित झाले तेव्हा तिच्या कर्त्यांनी पहिल्या आठ चिन्हांतच या दोन्ही प्रकारच्या खुणा मुद्दाम पेरल्या. वाटेत कोणी ढवळाढवळ केली तर आरंभीच ती उघड होते. तसेच चित्राचा वरचा भाग नीट व खालचा करडा दिसला, तर नक्कल अर्धवट झाली असे समजावे. अशा वेळी दुरुस्तीच्या मागे न लागता मूळ ठिकाणाहून पुन्हा नक्कल आणावी. त्याकरिताच पाठविणाऱ्याने आपली प्रत लगेच पुसू नये.

फोनवरील चित्रे

आजकालची सर्वाधिक तक्रार एचईआयसीबद्दल आहे. २०१७ सालापासून अॅपलचे नवे फोन छायाचित्रे या प्रकारात साठवितात, कारण त्यांना जेपीईजीच्या मानाने सुमारे निम्मीच जागा लागते. मॅकवर ती सहज उघडतात. जुन्या विंडोजवर उघडत नाहीत. विंडोजकरिता मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून दोन पूरक जोडण्या घ्याव्या लागतात: एक चित्राच्या वेष्टनासाठी, दुसरी आतील संक्षेपासाठी. हे करावयाचे नसेल तर मॅकवरील प्रिव्ह्यू प्रोग्राममध्ये चित्र उघडून ‘एक्स्पोर्ट’ करावे व जेपीईजी निवडावे. यापुढील फोटो सर्वत्र उघडावेत अशी इच्छा असल्यास फोनच्या सेटिंग्जमधील कॅमेरा विभागात ‘फॉरमॅट्स’ येथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे. म्हणजे फोन जेपीईजीच काढील.

व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठविल्यास तो लगेच उघडतो हे खरे. परंतु वाटेत त्याचा आकार कमी केला जातो आणि तो केव्हा काढला ही आत लिहिलेली तारीखही गळून पडते. संग्रहासाठी पाठवावयाचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे; म्हणजे फाईल आहे तशी पोहोचते.

नावांचा घोळ

दोन लिप्यांत वावरणाऱ्या आपल्या कुटुंबांस नावांचा त्रास विशेष होतो. हिब्रू साल अक्षरांत लिहिताना शेवटच्या अक्षरापूर्वी आपण दुहेरी अवतरणचिन्ह देतो. मॅकवर असे नाव चालते. विंडोजमध्ये हे चिन्ह फाईलच्या नावात निषिद्ध आहे. अशी एकंदर नऊ चिन्हे विंडोज नाकारते. प्रश्नचिन्ह, तारा, अपूर्णविराम आणि दोन्ही तिरप्या रेघा त्यांतच येतात. परिणामी वर्षाच्या नावाने ठेवलेला अल्बमच्या अल्बम नकलेत अडकतो.

मराठीतही अशीच गंमत आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. मॅकची जुनी डिस्क-पद्धती अखंड अक्षर फोडून दोन भागांत ठेवी. लिनक्स संगणकास मात्र ही दोन निरनिराळी नावे वाटतात. म्हणून नाव पाहून शोधले तर ‘फाईल नाही’ असे उत्तर येते, आणि ती तर डोळ्यांसमोर असते. लिनक्स इंग्रजीतील मोठी व लहान लिपीही वेगळी मानते; विंडोज सामान्यतः मानीत नाही.

यावर उपाय सोपा आहे. फाईलचे नाव साध्या लहान इंग्रजी अक्षरांत ठेवावे: आधी चार अंकी वर्ष, मग गाव, मग प्रसंग, शेवटी क्रमांक, मध्ये केवळ आडव्या रेघा. मराठी व हिब्रू मजकुराची खरी जागा पुढे सांगितलेल्या टिपणात आहे.

काय जपावे आणि कशात जपावे

कोडॅकने १९९२ साली फोटो सीडी बाजारात आणली तेव्हा कुटुंबाच्या छायाचित्रांचा प्रश्न कायमचा सुटला असे पुष्कळांस वाटले. ती पुढे मागे पडली. आज तिच्यातील पीसीडी प्रकारच्या फाईली उघडण्यास विशेष प्रोग्राम शोधावा लागतो, आणि सीडी लावण्याची खाचही नव्या संगणकांत सहसा नसते. एकाच कंपनीच्या कुलपात ठेवा ठेवण्याचा हा परिणाम.

येथे एक अभिमानाची गोष्ट नोंदवावीशी वाटते. टेक्नियॉनमधील प्राध्यापक याकोव झिव व अव्राहम लेम्पेल यांनी १९७७ व १९७८ साली माहिती आटोपशीर करण्याच्या दोन रीती प्रसिद्ध केल्या. त्यांत काहीही गमावले जात नाही. जसेच्या तसे परत मिळते. दुसऱ्या रीतीवरून टेरी वेल्च यांनी १९८४ साली केलेला प्रकार १९८७ च्या जिफमध्ये आला. त्यावर युनिसिस कंपनीचे पेटंट होते, आणि १९९४ च्या अखेरीस प्रोग्राम बनविणाऱ्यांकडून शुल्काची मागणी झाली. त्यातून सर्वांस मोकळा असा पीएनजी जन्मास आला, आणि त्याचा पाया लेम्पेल व झिव यांच्याच पहिल्या रीतीवर आहे. हे दोघेही २०२३ साली निवर्तले.

जेपीईजीचे मात्र निराळे. १९९२ च्या या प्रमाणात डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील सोडून दिला जातो. पाहण्यास व पाठविण्यास ते उत्तम. परंतु तेच चित्र पुन्हा पुन्हा दुरुस्त करून साठविले तर दर खेपेस थोडे थोडे झिजते. केवळ उघडून पाहण्याने काही झिजत नाही.

म्हणून आमची शिफारस अशी. कागदी फोटो प्रति इंच ६०० ठिपक्यांनी स्कॅन करून टिफमध्ये ठेवावा. चार इंच बाय सहा इंचांचा रंगीत फोटो असा २,४०० बाय ३,६०० ठिपक्यांचा होतो व सुमारे २६ मेगाबाइट जागा घेतो. आजच्या डिस्कांच्या मानाने ती फार नाही. या मूळ फाईलला हात लावू नये. नातेवाइकांना पाठविण्यासाठी तिच्यावरून जेपीईजी काढावे. फोनवरील चित्र एचईआयसी असेल तर मूळही ठेवावे व शेजारी जेपीईजीही. हा सर्व संग्रह दोन निरनिराळ्या डिस्कांवर, शक्यतो दोन निरनिराळ्या घरांत असावा, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहाव्यात.

यंत्रास न कळणारी गोष्ट

येथवर सांगितलेल्या सर्व अडचणींवर यंत्राचा उपाय आहे. एका गोष्टीवर तो नाही. चित्र उघडले, स्वच्छ दिसले, परंतु मागच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी असलेली बाई कोण, हे कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. जुन्या फोटोच्या पाठीवर आजोबा शाईने दोन ओळी लिहीत; स्कॅन करताना ती पाठ बहुधा राहूनच जाते. आम्ही पालकांस सुचवितो की, फोटोची पाठही स्कॅन करावी, आणि त्याच पेटाऱ्यात साध्या मजकुराची एक फाईल ठेवून तिच्यात प्रत्येक चित्राच्या क्रमांकापुढे माणसांची नावे, नाते, गाव व अंदाजे वर्ष मराठीत व हिब्रूत लिहावे. ही फाईल साठविताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा, म्हणजे दोन्ही लिप्या सर्व यंत्रांवर नीट दिसतील.

हे काम घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवरच होण्याजोगे आहे. न उघडणाऱ्या फाईलीस वाट पाहता येते; ती दहा वर्षांनी उघडली तरी चालेल. आपल्या आत्याबाई व मावश्या यांच्या स्मरणशक्तीचे तसे नाही. म्हणून येत्या सुटीत नातवंडांनी संगणक घेऊन त्यांच्याशेजारी बसावे. मुलांनी चित्र उघडावे व वडिलांनी नाव सांगावे. आणि त्या वेळी एखादे चित्र उघडलेच नाही, तर त्याचा क्रमांक लिहून ठेवून पुढच्या चित्राकडे वळावे, पण ते पुसू नये.